जमावावरील कमी उंचीचे उड्डाण आणि त्यावरील कायद्याचा अंमल : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी आहे, नांदेड व नागपूर येथे विमानतळ आहेत. परंतु वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांत प्रवासी विमान उतरेल अशी जागा नाही. जमाव मात्र आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीच्या यात्रेस अनेक राज्यांतून बंजारा समाज लोटतो. निवडणुकीच्या हंगामात तालुक्याच्या गावी सभा भरतात. आणि या जमावाकडे येणारे पुढारी पुष्कळदा हेलिकॉप्टरने येतात. लोक माना वर करून पाहत असतात, हेलिकॉप्टर मैदानावरून एखादी फेरी घेते, धूळ उडते, मंडपाचे कापड फडफडते आणि यंत्र उतरते. हे दृश्य आता इतके परिचित झाले आहे की त्यात कायद्याचा काही प्रश्न असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रश्न आहे, आणि तो बराच जुना आहे. जमावावरून विमानाने किती उंचीने जावे याचा नियम कित्येक दशके लिहिलेला आहे. त्या नियमाचा भंग मैदानावर उभ्या असलेल्या हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत झाला, तरी तेथे हजर असलेल्या तहसीलदाराने, पोलीस निरीक्षकाने किंवा खुद्द जिल्हाधिकाऱ्याने त्याबाबत काय करावयाचे, हे मात्र त्या नियमात सापडत नाही. विमानतळ असलेल्या शहरात ही उणीव झाकली जाते, कारण तेथे विमान वाहतुकीचे जाणकार अधिकारी निदान जवळपास असतात. जेथे धावपट्टीच नाही अशा जिल्ह्यात ती उघडी पडते. मैदानावर हा अधिकार का नाही, याचा उलगडा विमानविद्येतून होत नाही; त्यासाठी कायद्याच्या इतिहासाकडेच वळावे लागते. वऱ्हाडापुरता तो इतिहास इतर प्रांतांहून थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे.

विमानविषयक कायद्याच्या उगमाशीच जमाव उभा आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. इ. स. १९११ च्या वसंतात लंडनजवळ थेम्स नदीवरील विद्यापीठीय नौकाशर्यतीच्या वेळी काठावरील गर्दीच्या माथ्यावर विमाने घिरट्या घालताना दिसली. त्याच वर्षी २२ जून रोजी पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक व्हावयाचा होता आणि मिरवणुकीच्या मार्गावर लाखो लोक जमणार हे उघड होते. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी घाईने एक छोटे विधेयक मांडले आणि २ जून रोजी ते अधिनियम म्हणून संमत झाले. विशिष्ट प्रदेशावरून उड्डाण करण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याने मंत्र्यास दिला. परंतु ज्या ठिकाणी अशी मनाई नाही तेथे वैमानिकाने बेफिकिरी केली तर काय, हा प्रश्न उरलाच. जुलै महिन्यात ग्रॅहम गिलमोर या वैमानिकाने हेन्ली येथील नौकाशर्यतीवरून अत्यंत कमी उंचीने विमान नेले, तेव्हा त्याच्यावर कारवाई केली ती रॉयल एअरो क्लब या खाजगी संस्थेने. वैमानिकांना प्रमाणपत्रे देण्याचे काम त्या काळी तीच संस्था करीत असे, आणि तिने गिलमोरचे प्रमाणपत्र स्थगित केले. सरकारने जागा ठरवावी आणि वर्तनाचा न्याय वैमानिकांच्याच वर्तुळाने करावा, ही विभागणी पहिल्याच वर्षी रूढ झाली. पुढे क्लबाची जागा सरकारी संचालनालयाने घेतली, तरी न्याय करणारा जमावापासून दूर बसलेला असावा हा भाग तसाच राहिला.

हिंदुस्थानातील घटनाक्रमही त्याच वर्षाचा आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथे, संयुक्त प्रांताच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६,५०० पत्रे घेऊन यमुना ओलांडली व तो नैनी येथे उतरला. विमानाने टपाल नेण्याचा हा जगातील पहिला अधिकृत प्रसंग म्हणून डाक-इतिहासात सांगितला जातो. लोकांनी मात्र तो तमाशा म्हणूनच पाहिला. प्रदर्शनाला आलेल्या त्या गर्दीच्या संरक्षणासाठी त्या दिवशी हिंदुस्थानात विमानाविषयी कसलाही कायदा नव्हता. तो त्याच वर्षी झाला. १९११ च्या १७ व्या अधिनियमाने विमानांची निर्मिती, बाळगणूक, वापर, विक्री व आयात-निर्यात यांवर नियम करण्याचा अधिकार सपरिषद गव्हर्नर-जनरलकडे आला. हत्यारे आणि स्फोटके यांच्याविषयीच्या कायद्यांची भाषा ज्यांना परिचित आहे त्यांना या शब्दांची मांडणी ओळखीची वाटेल. विमान ही कोणाच्या हाती असावी आणि कोणाच्या हाती नसावी अशी एक धोक्याची वस्तू आहे, या दृष्टीने सरकार तिच्याकडे पाहत होते.

त्या वेळी वाशीमवरचे आकाश कोणाचे होते? प्रश्न विनोदी वाटला तरी त्याचे उत्तर सरळ नाही. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाने कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला होता. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने तो सालीना २५ लाख रुपयांच्या बदल्यात इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. १९०३ साली त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. तोवर बासीम या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडला, आणि वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे व पुसद यवतमाळकडे गेला. एवढे होऊनही वऱ्हाड हा कायद्याच्या परिभाषेत ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नव्हता. पट्टा इंग्रजांचा, राजसत्ता निजामाची. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला एखादा कायदा नागपुरास जसा लागू होई तसा वाशिमास आपोआप लागू होत नसे. परराज्यातील अधिकारक्षेत्राविषयीच्या विशेष आदेशान्वये तो वऱ्हाडास निराळा लावावा लागे.

१३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात पहिल्याच कलमाने असे मान्य करण्यात आले की, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. आकाश हे जमिनीच्या मालकीमागून जाते, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. वऱ्हाडात जमिनीचे सार्वभौमत्व एकाकडे व वहिवाट दुसऱ्याकडे होती. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात तर इंग्रजांनी वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व पुनश्च मान्य केले व निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली. आणि त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, २३ मार्च १९३७ रोजी, हिंदुस्थानचे विमान नियम जाहीर झाले. व्यवहारात या द्वैताने कोणाचे विमान अडले असेल असे समजण्याचे कारण नाही. तथापि केंद्रीय कायद्यांचा वऱ्हाडात विस्तार करण्यासाठी १९४१ साली एक वेगळा अधिनियमच करावा लागला, यावरून हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता हे दिसते. द्वैत खऱ्या अर्थाने संपले ते २६ जानेवारी १९५० रोजी. वाशीमचा शेतकरी ज्याला आपल्या डोक्यावरचे आभाळ म्हणतो, त्याच्या कायदेशीर मालकीत तोवर हैदराबाद, नागपूर, दिल्ली आणि लंडन अशा चौघांचा कमीअधिक संबंध होता. अकोल्याच्या डेप्युटी कमिशनरचा नव्हता.

मधल्या काळात विमानकायद्याची इमारत उभी राहिली होती. १९२७ साली नागरी विमान वाहतुकीच्या संचालकाचे पद निर्माण झाले आणि फ्रान्सिस शेल्मरडाइन हे त्यावर आले. पुढे १९३४ चा २२ वा अधिनियम झाला. त्याखालील १९३७ च्या नियमांनी १९२० च्या जुन्या नियमांची जागा घेतली. या दोहोंतील तीन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. अधिनियमाच्या ११ व्या कलमाने, जमिनीवरील, पाण्यावरील वा हवेतील कोणत्याही व्यक्तीस किंवा मालमत्तेस धोका होईल अशा रीतीने जाणूनबुजून विमान चालविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. नियम २१ ने कमी उंची किंवा माणसांशी व घरांशी जवळीक यांमुळे अनावश्यक धोका उत्पन्न करणारे उड्डाण निषिद्ध केले. तिसरी तरतूद उलट दिशेची आहे. १७ व्या कलमाने असे ठरविले की, हवामान व परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून विमान गेले एवढ्याच कारणावरून जमीनमालकास अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही. हे कलम नसते तर विमान वाहतूक अशक्य झाली असती, हे खरेच. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, खालच्या माणसाच्या हातातले दिवाणी साधन बोथट झाले; उंची वाजवी नव्हती हे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर आला, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाने उंची मोजावयाची कशी?

आकड्यांतील उंची नंतर आली. शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या करारानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९४८ साली उड्डाणाचे नियम संमत केले व ते भारताच्या नियमांतही उतरले. त्यांनुसार शहरे, दाट वस्त्या किंवा उघड्यावरील जनसमुदाय यांवरून, आणीबाणी उद्भवल्यास खालच्या माणसांना धोका न होता उतरता येईल इतक्या उंचीनेच जावयाचे असते. दृष्टीच्या आधाराने होणाऱ्या उड्डाणास विमानापासून ६०० मीटरांच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा ३०० मीटर वर राहावे लागते. मोकळ्या रानावर ही मर्यादा १५० मीटरांची आहे. या नियमाच्या आरंभीच एक अपवाद आहे. उतरताना किंवा उड्डाण घेताना आवश्यक असेल तेव्हा ही मर्यादा लागू नाही.

विमानतळावर हा अपवाद निरुपद्रवी आहे, कारण धावपट्टीच्या टोकाशी जमाव नसतो. सभेच्या मैदानावर मात्र तो नियमालाच गिळून टाकतो. हेलिकॉप्टर जमावाकडेच आलेले असते, तेथेच उतरावयाचे असते, आणि म्हणून त्याचे जमावावरील जवळजवळ प्रत्येक उड्डाण हे उतरण्याचा किंवा निघण्याचा भाग म्हणून दाखविता येते. उतरण्यापूर्वी मैदानाला घातलेली फेरी ही वाऱ्याची दिशा व अडथळे पाहण्यासाठी होती, की जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात यासाठी होती? दोन्ही शक्य आहेत. वैमानिक पहिले कारण सांगेल, आणि बहुतेक वेळा ते खरेही असेल. निर्णय करणारा कोणीतरी तेथे असला पाहिजे, एवढेच. नियमाने तो निर्णय नागरी विमान वाहतूक महासंचालकांकडे ठेवला. त्यांचे मुख्यालय दिल्लीस व पश्चिम विभागाचे प्रादेशिक कार्यालय मुंबईस आहे.

मैदानावर जे असतात त्यांच्याकडे जमिनीची सर्व जबाबदारी असते. सार्वजनिक बांधकाम खाते मुरूम टाकून हेलिपॅड तयार करते, चुन्याने वर्तुळ व त्यात अक्षर आखते, धूळ बसावी म्हणून पाणी मारते. अग्निशामक बंब व रुग्णवाहिका उभी राहते. पोलीस दोर बांधून लोकांना मागे रेटतात. जमावाचे नियमन हा जिल्ह्याचा जुना अधिकार आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याने सभा व मिरवणुकांवर देखरेख करण्याची सत्ता पोलिसांस दिली होती, आणि पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने, ती अधिक तपशिलाने सांगितली. १९३५ च्या कायद्यात विमाने व हवाई वाहतूक केंद्राच्या यादीत गेली आणि पोलीस प्रांतांच्या. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाने तीच वाटणी कायम केली : संघसूचीतील २९ वी नोंद विमानांची, राज्यसूचीतील पहिली व दुसरी नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि पोलिसांची. वाटणी करणाऱ्यांच्या दृष्टीने ती अगदी सयुक्तिक होती. विमान एका तासात तीन प्रांत ओलांडते. प्रत्येक प्रांताने आपापले नियम केले असते तर गोंधळ झाला असता. मात्र ते जेव्हा एकाच तालुक्याच्या गावी, एकाच मैदानावर, दोरापलीकडे उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावरून येते, तेव्हा प्रांत ओलांडण्याचा युक्तिवाद लागू पडत नाही.

जमिनीवरील व्यवस्था आणि आकाशातील नियम यांच्यामधील फट किती अरुंद असते याचे उदाहरण शेजारच्या मराठवाड्यात घडले. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले राज्य शासनाचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आले, विजेच्या तारांत अडकले आणि वस्तीलगत कोसळले. आतील सहाही जण बचावले. चौकशी केंद्राच्या विमान अपघात अन्वेषण विभागाने केली, आणि ते यथायोग्यच होते. परंतु मे महिन्याच्या उन्हाने विरळ झालेली हवा, हेलिकॉप्टरचे वजन, मोकळ्या मातीची धूळ, भोवतालच्या तारा या सगळ्यांचा मेळ ज्या जागी बसतो ती जागा निवडण्यात व सिद्ध करण्यात जिल्हा प्रशासनाचा हात असतो. यंत्र तेथून उडावे की न उडावे, किती माणसे घेऊन उडावे, हे मात्र जिल्हा सांगू शकत नाही. वैमानिकाचा शब्द अंतिम, आणि वैमानिकाला विचारणारा दिल्लीत. विदर्भातील मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला हे उदाहरण परके वाटणार नाही.

११ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीत, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे निवडणूक कर्मचाऱ्यांनी उद्धव ठाकरे यांच्या हेलिकॉप्टरमधील सामान तपासले. त्यावर राजकीय वादळ उठले. मग इतर पक्षांच्या नेत्यांचेही सामान तपासल्याची वृत्ते आली. कायद्याच्या अभ्यासकाने त्यातून एवढेच टिपावे की, आचारसंहितेच्या काळात हेलिकॉप्टरमधील पिशवी उघडण्याचा अधिकार मैदानावरील कर्मचाऱ्यास निःसंदिग्धपणे आहे. तेच हेलिकॉप्टर सभेवरून किती उंचीने आले हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही.

आणखी एक प्रकारचे उड्डाण या सर्व नियमांच्या बाहेर राहते. १९३४ च्या अधिनियमाच्या १९ व्या कलमाने सेनादलांची विमाने त्याच्या कक्षेतून वगळली होती. त्यांचे नियमन सेनादले स्वतः करतात. जमावावरील कमी उंचीच्या उड्डाणाचे सर्वांत आदराने स्मरले जाणारे उदाहरण याच वर्गातील आहे : ३१ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेवर वायुदलाच्या डकोटा विमानांनी गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. ३ मे २०२० रोजी साथीच्या दिवसांत मुंबईतील रुग्णालयांवर सैनिकी हेलिकॉप्टरांनी पुष्पवृष्टी केली. नागरी विमानातून वस्तू टाकण्यास १९३७ च्या २६ व्या नियमाने बंधन घातले असल्याने हीच गोष्ट एखाद्या खाजगी हेलिकॉप्टरने करावयाची तर रीतसर परवानगी लागते. खालून पाहणाऱ्यास दोन्ही फुले सारखीच दिसतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. पंतप्रधानांचा हेलिकॉप्टर-प्रवास वायुदलाच्या यंत्रांतून होतो. त्यामुळे एकाच गावच्या आकाशात एका महिन्यात वायुदलाचे व प्रचाराचे भाड्याचे अशी दोन हेलिकॉप्टरे आली, तरी ती दोन निरनिराळ्या व्यवस्थांना जबाबदार असतात, आणि दोहोंतील कोणतीही वाशीमची नसते. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या हवाई प्रात्यक्षिकांना प्रचंड गर्दी लोटली आणि ऊन व व्यवस्थेचा ताण यांत पाच माणसे दगावली. विमानांचा त्या मृत्यूंशी साक्षात संबंध नव्हता. विमाने अचूक उडाली. पण गर्दी विमानांसाठी जमली होती, आणि जबाबदारी कोणाची यावर लगेच वाद सुरू झाला.

महासंचालकाचा अधिकार दिल्लीत केंद्रित असण्याने तो बळकट झाला, असेही म्हणता येत नाही. १९८० साली संजय गांधी सफदरजंग येथून करीत असलेल्या उड्डाणांत सुरक्षेचे नियम मोडले जात असल्याबद्दल तत्कालीन महासंचालक एअर मार्शल जाफर झहीर यांनी हरकत घेतली आणि त्यानंतर त्यांना रजेवर पाठविण्यात आले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदविले आहे. २३ जून १९८० रोजी दिल्लीच्या वस्तीवर कसरती करताना पिट्स जातीचे ते छोटे विमान कोसळले. संजय गांधी व त्यांच्यासमवेत असलेले कॅप्टन सुभाष सक्सेना दोघेही मृत्यू पावले. ज्या अधिकाऱ्याच्या हाती देशातील सर्व उड्डाणांचे नियमन होते त्याला आपल्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावरील धावपट्टीवरचे उड्डाण थांबविता आले नाही. जिल्ह्यातील पोलीस अधीक्षकाला ते थांबविता आले असते असे कोणी म्हणणार नाही. पण नियामकाचे स्वातंत्र्य हा उंचीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, हे यावरून कळते. महासंचालनालयास स्वतःचे कायदेशीर अस्तित्व मिळाले ते १९३४ च्या अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीने. धोकादायक उड्डाणाची शिक्षा २००७ साली दोन वर्षे कैद व १० लाख रुपये दंड अशी झाली होती. २०२० साली दंडाची मर्यादा १ कोटीवर गेली. १९३४ च्या १,००० रुपयांशी तुलना करता वाढ मोठी आहे, परंतु फिर्याद कोणी द्यावयाची हा प्रश्न रकमेने सुटत नाही.

तो प्रश्न उलट अधिक बंद झाला. महासंचालक किंवा तत्सम केंद्रीय अधिकाऱ्याने दिलेल्या, अथवा त्यांच्या लेखी पूर्वमंजुरीने दिलेल्या फिर्यादीशिवाय न्यायालयाने या अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल घेऊ नये, अशी तरतूद अधिनियमात आली. तिची कसोटी झारखंडातील एका प्रकरणात लागली. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी देवघर विमानतळावरून सूर्यास्तानंतर उड्डाणाची परवानगी मिळविण्यासाठी दबाव आणल्याच्या आरोपावरून खासदार निशिकांत दुबे व इतरांवर राज्य पोलिसांनी गुन्हा नोंदविला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. न्या. अभय ओक व न्या. मनमोहन यांच्या पीठाने सांगितलेल्या भूमिकेचा आशय असा की, विमान अधिनियम ही आपल्या विषयापुरती परिपूर्ण संहिता आहे. पोलिसांनी जमविलेले साहित्य अधिनियमाखालील अधिकाऱ्याकडे पाठवावे, आणि फिर्याद करावयाची की नाही हे त्या अधिकाऱ्याने ठरवावे. त्या प्रकरणात जमाव नव्हता, उंचीचाही प्रश्न नव्हता. तरीही त्यातून निघालेला नियम मैदानावरील पोलीस निरीक्षकास जसाच्या तसा लागू पडतो : त्याने पाहावे, लिहून घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि वर पाठवावे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. नव्या नावाखाली अधिकाराची ही रचना मूलतः बदललेली नाही.

निर्णयातील विवेक नाकारता येणार नाही. राजकीय वैमनस्यातून प्रत्येक जिल्ह्यात प्रतिपक्षाच्या हेलिकॉप्टरवर गुन्हे नोंदले जाऊ लागले तर निवडणुकीत विमानकायदा हे एक नवेच हत्यार होईल. वणीच्या पिशवीवरून जेवढे रण माजले ते पाहता ही भीती काल्पनिक नाही. तरीपण पूर्वमंजुरीची व्यवस्था ज्या गृहीतावर उभी आहे ते असे की, मंजुरी देणाऱ्यापर्यंत प्रकरण पोहोचते. मानोऱ्याच्या यात्रेत दोरामागे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हे गृहीत फार दूरचे आहे.

या स्थितीत पहिला भेद पडला तो एका अगदी लहान यंत्रामुळे. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका उपाहारगृहाने वैमानिकरहित यंत्राने गगनचुंबी इमारतीवर पिझ्झा पोहोचविल्याचे जाहीर केले, तेव्हा पोलीसही चौकशीस लागले आणि महासंचालनालयही. दोघांपैकी कोणाचा अधिकार, हे त्या घटकेला स्पष्ट नव्हते. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून नागरिकांना अशी यंत्रे उडविण्यास मनाई केली. मुंबई पोलीस दुसऱ्या वाटेने तेथेच पोहोचले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली ड्रोन, पॅराग्लायडर, उष्ण हवेचे फुगे यांवर ठराविक मुदतीची बंदी घालणारे आदेश ते काढीत. आकाशाचे नियमन करता येत नसेल तर जमिनीवरून उडविण्यास बंदी करावी, अशी ही युक्ती होती. ती चालली, कारण जेथून उडवायचे ती जमीन पोलिसांची होती.

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी या युक्तीला कायद्याचे रूप दिले. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरांपर्यंत उड्डाणास मुभा दिली, आणि त्याच वेळी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्यामार्फत एखादे क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल, म्हणजे परवानगीविना निषिद्ध, म्हणून जाहीर करण्याची सत्ता राज्याकडे ठेवली. वाशीमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, आणि १९११ च्या अधिनियमानंतर एकशे दहा वर्षांनी, तेथील अधिकाऱ्याच्या हाती आकाशाचा एक तुकडा आला. कपाशीवर फवारणी करणारी ड्रोने गावोगाव येऊ लागली त्याच सुमारास हे घडले, त्यामुळे ही सत्ता केवळ मान्यवरांच्या दौऱ्यांपुरती राहील असे नाही. पोहरादेवीच्या रामनवमीसाठी ९६ तासांची मुदत पुरेशी आहे.

त्या चार दिवसांत यात्रेवर दोन-तीन किलोचे ड्रोन आले तर पोलीस अधीक्षकाला आपल्याच आदेशाखाली कारवाई सुरू करता येते. त्याच यात्रेवरून काही टन वजनाचे भाड्याचे हेलिकॉप्टर खाली येऊन फेरी घेऊन गेले, तर त्याला त्याची नोंद करून महासंचालकांकडे पाठवावी लागते. ते उड्डाण उतरण्याच्या अपवादात बसत होते की नाही, हे पुढे तेथे ठरते.